काडीतला डोळा आणि आमचा डोळा

ऑक्टोबर २०२३. द्राक्षबागेची गोडी छाटणी (फळासाठीची ऑक्टोबर छाटणी) झाली, पेस्टिंग (फूट यावी म्हणून काडीला औषध लावणं) झालं, काडीवरचे डोळे, म्हणजे कळ्या, एकसारखे फुटले आणि पंधराव्या दिवशी बागेत फिरताना जे दिसलं ते बघून मी बांधावर खाली बसलोच. जिथं घड दिसायला पाहिजे तिथं नुसत्या बाळ्या, म्हणजे घडाऐवजी येणारे तणावे. दीड एकर थॉमसन जातीची द्राक्षं, तासगाव तालुका, सहा महिने ओतलेला पैसा, आणि एकेका वेलीवर मोजून आठ-दहा घड.

ज्यांची बाग नाही त्यांच्यासाठी सांगतो. द्राक्षाचा घड ऑक्टोबरात तयार होत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (जुन्या काड्या खरडून काढतात ती) साधारण ४० ते ७० दिवसांत काडीवरच्या डोळ्याच्या आत तो ठरतो आणि तिथंच बारीक होऊन पडून राहतो, मग ऑक्टोबरला आपण त्या डोळ्यापुढं कात्री मारली की फुटून बाहेर येतो. त्या एप्रिल-जूनच्या काळात आभाळ दाटून राहिलं किंवा नत्र जास्त होऊन बाग माजली की घड कमी ठरतात. आणि कुठल्या नंबरच्या डोळ्यात घड बसलाय हे बाहेरून कुणाच्या बापाला कळत नाही. चुकीच्या ठिकाणी कापलं की घडवाला डोळा जमिनीवर आणि वांझ डोळा वेलीवर. मी सबकेनच्या (काडीचा शेंडा खुडल्यावर फुटलेल्या पोटकाडीच्या) गाठीच्या मागं, पाचव्या डोळ्यावर कापलं होतं.

यावर उपाय सगळ्यांना माहीत आहे, काडी तपासणी. लॅबमध्ये डोळा कापून मायक्रोस्कोपखाली बघतात. पण सप्टेंबरअखेर अख्खा तालुका एकाच वेळी काड्या घेऊन जातो, मला आठ दिवसांनी या म्हणाले, इकडं छाटणी टोळीची तारीख ठरलेली, ती चुकली तर टोळी परत पंधरा दिवस मिळत नाही. म्हटलं दरवर्षी कापतो तसंच कापू. पुढचं वर सांगितलंच.

तर पुढच्या वर्षी हे आपणच बघायला शिकायचं असं ठरवलं. मी बी.कॉम., बारावीनंतर मायक्रोस्कोपला हात लावलेला नाही, आणि बारावीतही सर लावून द्यायचे, आम्ही रांगेत येऊन एकेक डोळा मिटून "दिसलं सर" म्हणायचो. खरं सांगायचं तर तेव्हा स्वतःच्या पापण्या दिसायच्या.

पहिली चूक मे २०२४ मध्ये केली. ऑनलाइन १,३४९ रुपयांचा यूएसबीवाला मायक्रोस्कोप मागवला, खोक्यावर '१६०० एक्स' लिहिलेलं. मोबाईलला जोडला, काडी धरली, डोळ्यावरची लव दिसली, त्यापुढं काही नाही. हात जरा हलला की चित्र गायब. ते १६०० म्हणजे स्क्रीनवर ताणून मोठं केलेलं चित्र, फोटो झूम केल्यासारखं, त्यात नवीन बारकावा काही येत नाही. आता पोरगं त्यानं मुंग्या बघतं.

९ जूनला, रविवारी, आमच्या शेतकरी गटाची मीटिंग होती तिथं विषय काढला. आम्ही सहा जण बागवाले, सगळ्यांचंच दुखणं तेच. एकानं खर्च करण्यापेक्षा गटाच्या नावावर घेऊ असं ठरलं आणि इथून कागदांचा खेळ सुरू झाला. गटाच्या खात्यातून पैसे काढायला ठराव लागतो, ठरावाला सूचक-अनुमोदक लागतात, आणि सचिवांचं म्हणणं की वस्तू दहा हजाराच्या वर आहे तर तीन कोटेशन पाहिजेत. बरोबरच होतं म्हणा. भारतात असली उपकरणं बनवणारं मोठं गाव म्हणजे हरियाणातलं अंबाला, तिथल्या दोघांना आणि पुण्याच्या एका विक्रेत्याला फोन केले. मी सगळ्यांना एकच विचारायचो, "हजार एक्सचा केवढ्याला?" पुण्याचा माणूस भला निघाला, त्यानं उलट विचारलं, "काय बघायचंय दादा?" काडीचा डोळा म्हटल्यावर म्हणाला, मग तुम्हाला स्टिरिओ पाहिजे, २० आणि ४० एक्सचा, हजारवाला तुमच्या काही कामाचा नाही.

याचं कारण मला नंतर समजलं ते इथंच सांगून टाकतो. शाळेतला मायक्रोस्कोप, त्याला कंपाउंड म्हणतात, त्यात उजेड खालून येतो आणि वस्तूच्या आरपार जाऊन भिंगात शिरतो. म्हणजे वस्तू कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ पाहिजे. डोळा कापलेली काडी खाली ठेवली तर उजेड आरपार जाणार कसा, काळा ठोकळा दिसणार. शिवाय त्याचं ४० चं भिंग वस्तूपासून अर्धा-पाऊण मिलीमीटरवर येतं, तिथं ब्लेड कुठून घालणार? स्टिरिओमध्ये उजेड वरून पडतो, भिंग आणि वस्तूत आठ-दहा सेंटीमीटर जागा राहते, आणि दोन डोळ्यांना दोन वेगळ्या, जरा तिरक्या नळ्या असतात, म्हणून खोली कळते. चित्र सुलटंही दिसतं. बघत बघत कापता येतं ही त्यातली खरी गंमत.

कोटेशनं १८ जूनपर्यंत आली. अंबाल्याचं एक ११,८०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १३,९२४. ते पास केलं. २ जुलैला ठराव झाला, ३ तारखेला बँकेत गेलो तर गटाच्या अध्यक्षांचं केवायसी संपलेलं. अध्यक्ष आमचे आण्णा, वय ७१, आधारला मोबाईल नंबर लिंक नाही, आधी तो लिंक करायला सेंटरला जा, मग बँकेत या, मग साहेब रजेवर. आठ दिवस. ११ जुलैला पैसे गेले. माझा सल्ला, कोटेशन मागवायच्या आधी खात्यावर सही करणाऱ्या दोघांचं केवायसी बघून घ्या. आणि बिल गटाच्या नावानं, पत्त्यासकट, आधीच लिहून पाठवा, आमचं पहिलं बिल माझ्या नावावर आलेलं, ते बदलून घेण्यात आणखी चार फोन.

पार्सल २४ जुलैला आलं. ट्रान्सपोर्टचे ६५० वेगळे. सगळं धरून १४,५७४, माणशी २,४२९. खोकं उघडताना व्हिडिओ काढला हे बरं झालं, कारण वस्तू ठेवायची गोल काच फुटलेली होती. व्हिडिओ पाठवला, तक्रार न करता दुसरी पाठवली, पण ती येईस्तोवर ५ ऑगस्ट उजाडला. तोवर मी पांढऱ्या टाइलचा तुकडा ठेवून काम चालवलं, आणि खरं म्हणजे काडीसाठी तीच बरी, ब्लेडचे ओरखडे पडले तरी जीव जळत नाही.

आता बघण्याचं. पहिल्या संध्याकाळी मी डोळे लावले तर दोन वेगवेगळे गोल दिसायला लागले, एकमेकांवर चढलेले, दहा मिनिटांत डोकं चढलं. बायको म्हणाली, चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा. नंबर नव्हता वाढला. १९ ऑगस्टला राखीला बहीण आली, सोबत भाची, ती बॉटनीत एम.एस्सी. करते. तिनं मला पाच मिनिटं बघत बसलेलं बघितलं आणि हसायलाच लागली.

"मामा, नळ्या जवळ घ्या की. तुमच्या डोळ्यांएवढं अंतर करा."

दोन्ही नळ्या हातात धरून फाकवायच्या-मिटवायच्या असतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दोनाचा एक गोल झाला की थांबायचं. मग डावा डोळा मिटून उजव्यानं बघत मोठ्या चाकीनं फोकस करायचा, मग उजवा मिटून डाव्या नळीवरची कडी फिरवायची, चाकीला हात न लावता. आपल्या दोन डोळ्यांचा नंबर सारखा नसतो, त्याची तडजोड त्या कडीत होते. एकदा जमलं की कडीवरचा आकडा लिहून ठेवा, कारण दुसरा माणूस येऊन बसला की तो फिरवणारच. आमच्याकडं आता सहा जणांचे आकडे खडूनं भिंतीवर लिहिलेत.

दुसरी गोष्ट तिनं सांगितली ती उजेडाची. मायक्रोस्कोपचा स्वतःचा एलईडी बरोबर डोक्यावरून पडत होता आणि कापलेला डोळा नुसता पांढरट-हिरवा सपाट डाग दिसत होता. मी लगेच ४० वर गेलो, अजून मोठा डाग. ती म्हणाली, "मोठं करायच्या मागं लागू नका, लाइट आडवा पाडा." पोराचा अभ्यासाचा दिवा आणून डाव्या बाजूनं अगदी खाली लावला. आणि अचानक त्या डागात उंचवटे दिसायला लागले. नांगरलेलं रान बारा वाजता सपाट दिसतं आणि उन्हं कलली की एकेक ढेकूळ नजरेत भरतं, तसंच हे. एवढं सोपं असून शिकायला माझे पंचवीस दिवस गेले.

२० एक्सला किती जागा दिसते ते शाळेची पट्टी खाली ठेवून मोजलं, १० मिलीमीटर. ४० ला ५. भिंग दुप्पट केलं की जागा निम्मी होते, उजेड कमी होतो, आणि वर-खाली जेवढं एकदम स्पष्ट दिसतं तेही कमी होतं. म्हणून शोधायचं २० वर, शंका आली तरच ४०. पट्टीनं मोजून ठेवल्याचा फायदा असा की पुढं जे दिसेल त्याचा आकार अंदाजानं सांगता येतो.

१४ सप्टेंबरला पहिली खरी तपासणी केली. प्लॉटच्या चारी कोपऱ्यांतून आणि मधून, जाड-मध्यम-बारीक अशा बारा काड्या, पानं काढून ओल्या गोणपाटात. दाढीचं ब्लेड अर्धं मोडून (बोट कापलं, चिकटपट्टी जवळ ठेवा) डोळा एका फटक्यात कापला आणि बघितलं. दिवस मावळेपर्यंत ६० डोळे बघितले, घड दिसला फक्त ११ मध्ये. त्या रात्री झोप नाही लागली. गटात कुणाला सांगितलंही नाही. म्हटलं यंदाही गेलं.

शहाणपण एवढंच केलं की २३ तारखेला त्याच प्लॉटच्या काड्या लॅबलाही दिल्या. यावेळी नंबर लवकर लावलेला. २६ ला रिपोर्ट आला तर सहा ते आठ नंबरच्या डोळ्यांत घड चांगले. म्हणजे लॅब चुकली किंवा मी. रिपोर्ट घेऊन तिथल्या मॅडमना विचारलं, कशी बघता जरा दाखवाल का? गर्दीचा दिवस होता तरी त्यांनी दोन डोळे माझ्यासमोर कापले. त्यांची बोटं बघूनच कळलं. त्या एका फटक्यात कापत नव्हत्या. आधी वरची तपकिरी साल सुईनं काढली, आत कापसासारखी लव असते ती काढली, मग टोकाकडून पातळ पातळ चकत्या घेत खाली आल्या, प्रत्येक चकतीनंतर एक नजर. मधला मुख्य डोळा, बाजूला दोन बारके. मुख्य डोळ्याच्या शेंड्याजवळच घड असतो, बारीक दाणेदार, मोहरीपेक्षा लहान, फुलकोबीचा तुरा असावा तसा. मी एका फटक्यात खोल कापत होतो, म्हणजे घड वरच्या तुकड्यात उडून जायचा आणि मी उरलेल्या बुडख्यात शोधत बसायचो. जो नव्हताच तिथं.

आणि चकती काढल्यावर लगेच बघा, हेही त्यांनीच सांगितलं. उघडा पडलेला भाग तपकिरी पडतो, मग घड कुठला आणि पानाची कोंब कुठली ते कळत नाही. पाण्याचा एक थेंब टाकला की थोडा वेळ टिकतं.

त्यानंतर ४, ५ आणि ६ ऑक्टोबर, तीन संध्याकाळी बसलो. परत बारा काड्या, एक ते दहा नंबर, १२० डोळे. वहीत बारा उभ्या रेघा, घड दिसला की टिक, नाही तर शून्य, शंका असली तर प्रश्नचिन्ह (प्रश्नचिन्ह घालायची लाज बाळगू नका, माझी चौदा होती). पाचव्या डोळ्यावर बारापैकी ४, सहाव्यावर ९, सातव्यावर १०, आठव्यावर ८, नवव्यावर ६. लॅबच्या रिपोर्टशी जवळपास जुळलं. गाठ सातव्यावर होती. म्हणजे गेल्या वर्षी पाचव्यावर कापून मी बाकी सगळे घड बांधावर फेकले होते असा त्याचा अर्थ, तो बायकोला सांगितला नाही.

१२ ला दसरा. खंडेनवमीला कात्र्यांबरोबर मायक्रोस्कोपलाही हळद-कुंकू वाहिलं, फक्त भिंगाला लागू दिलं नाही. १३ ला टोळी आली, गाठीच्या पुढं एक डोळा ठेवून छाटणी.

एवढ्यावर हे संपायला हवं होतं, पण पाऊस परत आला. तिसऱ्या-चौथ्या पानावर काही ठिकाणी तेलकट डाग दिसले. केवडा, म्हणजे डाऊनी हा पानांवरचा रोग, हे सगळेच म्हणत होते, पण शेजारचा प्लॉटवाला भुरी (पानांवरचाच दुसरा रोग) म्हणून वेगळंच औषध मारून बसला. इथं मात्र शाळेतल्यासारखा कंपाउंड मायक्रोस्कोप कामाचा. गावातल्या निवृत्त सरांकडं एक जुना होता, आरशावाला, तो मागून आणला. भिंगात बुरशीची जाळी आलेली, दहाचं आणि चाळीसचं भिंग तेवढं ठीक.

डाग असलेलं पान ओल्या कागदावर उलटं ठेवून डब्यात रात्रभर बंद केलं. सकाळी पानाच्या खालच्या बाजूला पांढरं पीठ. पारदर्शक चिकटपट्टी त्यावर हलकी टेकवून उचलली आणि पाण्याच्या थेंबावर काचेवर चिकटवली. भाचीला व्हिडिओ कॉल लावला, फोन दुधाच्या किटलीला टेकवून. तिच्या सूचना जशाच्या तशा लिहितो, कारण त्या पाळल्या नसत्या तर भिंग फोडलं असतं. सुरुवात कायम सगळ्यात लहान भिंगानं. भिंग खाली आणायचं ते नळीत न बघता बाजूनं बघत, आणि फोकस शोधायचा तो भिंग वर नेत. चाळीसवर गेल्यावर मोठ्या चाकीला हात नाही, फक्त बारीक चाकी. मी विसरलो आणि एक काच कडकन गेली, भिंग वाचलं. काच डावीकडं सरकवली की चित्र उजवीकडं पळतं, कारण इथं चित्र उलटं असतं, त्याची सवय व्हायला एक तास जातो. आरशावर थेट ऊन घ्यायचं नाही, डोळा जाईल, आभाळाचा उजेड घ्यायचा. आणि उजेड कमी-जास्त करणारा खालचा पडदा पूर्ण उघडा ठेवला तर सगळं पांढरंफटक, हळूहळू मिटत आणला की कडा उठून दिसतात, फार मिटला तर प्रत्येक गोष्टीला जाड काळी किनार येते आणि बारकावा जातो. त्याच्या मधे कुठंतरी थांबायचं.

भिंगावर '४०/०.६५' आणि खाली '१६०/०.१७' लिहिलेलं होतं. पहिला आकडा किती पट मोठं ते, डोळ्याकडच्या दहाच्या भिंगाशी गुणून ४०० पट. वरचं भिंग खालच्या भिंगानं बनवलेल्या चित्राचंच परत मोठं चित्र करतं, बस. ०.६५ म्हणजे भिंग किती रुंद कोनातून उजेड गोळा करतं, आणि बारकावा किती दिसणार हे त्यावर ठरतं. १६० ही नळीची लांबी मिलीमीटरमध्ये, ०.१७ ही वरच्या पातळ काचेची जाडी. एर्न्स्ट आबे नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८७३ मध्ये सांगून ठेवलंय की उजेडाच्या लहरीच्या साधारण निम्म्यापेक्षा बारीक गोष्ट उजेडानं वेगळी दिसत नाही. ०.६५ च्या भिंगाला ही हद्द सुमारे ०.४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). तेलवाल्या शंभरच्या भिंगाला ०.२ च्या आसपास. म्हणून '१६०० एक्स' खोक्यावर छापणं सोपं, तेवढा बारकावा दाखवणं नाही.

आपल्याला एवढं खोल जायची गरजच नव्हती. दहाच्या भिंगावरच झाडासारखे काटकोनात फाटे फुटलेले देठ दिसले आणि चाळीसवर टोकांना लिंबाच्या आकाराच्या बीजाणूंच्या पुड्या. केवडा. भुरी असती तर पिंपासारखे लांबट बीजाणू, एकाखाली एक माळेत. शेजाऱ्याला बोलवून दाखवलं, तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हे माझ्या बागेतलं नाही ना?" त्याच्याच बागेतलं पान होतं.

भिंगं पुसायला बनियन वापरू नका. आधी फुंकणीनं धूळ उडवायची (तोंडानं फुंकलं की थुंकी उडते), मग लेन्स पेपर, तोही घासून नाही. पावसाळ्यात ओल भिंगात शिरते. सिकंदराबादला १८९७ च्या ऑगस्टमध्ये डासात मलेरियाचा परजीवी शोधला त्या रोनाल्ड रॉसच्या मायक्रोस्कोपचे स्क्रू घामानं गंजले होते आणि उरलेलं एकच डोळ्याकडचं भिंग तडकलेलं होतं, त्यामानानं आपलं बरं. तरी आम्ही तांदळाच्या हवाबंद कोठीत ठेवतो, सोबत निळ्या सिलिका जेलच्या पिशव्या. त्या गुलाबी पडल्या की तव्यावर मंद गरम करून परत निळ्या करायच्या. औषधांच्या खोलीत ठेवू नका, गंधकाची वाफ धातूला खाते.

फूट निघाल्यावर मोजलं, वेलीला सरासरी अठ्ठावीस घड. त्यातले काही पावसात जिरले, काही केवड्यानं गेले, विरळणीनंतर जे राहिले ते राहिले. यंदाही एक सॅम्पल लॅबला देणारच आहे, प्रश्नचिन्हांसाठी. गटातल्या दोघांनी आत्ताच विचारलंय मायक्रोस्कोप सप्टेंबरात कधी मोकळा असेल, म्हणजे आता आमच्याच ओट्यावर नंबर लावायला लागणार.